मिठाच्या कणाची घडण

मिठाचा एक कण काळ्या पाटीवर ठेवून भिंगातून पाहावा. मात्र कुटलेले मीठ घेऊ नये. तो बहुधा फाशासारखा चौकोनी दिसेल. स्वच्छ खडा फोडला तरी तुकडे सपाट बाजूंचेच निघतात. असे का व्हावे?

मीठ हे सोडियम व क्लोरीन ह्यांचे झालेले आहे. सोडियमचा अणु आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूस देतो. तेणेकरून एकावर धन व दुसऱ्यावर ऋण विद्युद्भार येऊन ते परस्परांस ओढतात. ह्यावरून मिठात त्यांच्या जोड्या असाव्यात असे कोणासही वाटेल. आम्हीही तसेच समजत होतो. परंतु १९१३ साली विल्यम ब्रॅग व त्यांचे पुत्र लॉरेन्स ह्यांनी मिठाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले, व ते कोणत्या दिशांस वळतात ह्याचा हिशेब केला, तेव्हा जोडी कोठेच आढळेना! प्रत्येक सोडियमच्या पुढे, मागे, उजवीकडे, डावीकडे, वर व खाली समान अंतरावर सहा क्लोरीन. आणि प्रत्येक क्लोरीनभोवती तसेच सहा सोडियम. अमुक सोडियम अमुक क्लोरीनचा, असे म्हणताच येत नाही. हेन्री आर्मस्ट्राँग ह्या वृद्ध रसायनशास्त्रज्ञांस हे १९२७ सालीही पटले नव्हते.

फुटण्याचे कारणही ह्यातच आहे. घाव बसून एक थर एका घराने सरकला की धनासमोर धन व ऋणासमोर ऋण येते. मग ओढ जाऊन तेथे लोटालोट होते, आणि खडा त्याच पातळीवर दुभंगतो.

सर्वच क्षारांची रचना अशी नसते. सीझियम सोडियमहून मोठा. म्हणून सीझियम क्लोराइडमध्ये त्याच्याभोवती आठ क्लोरीन बसतात.