जतच्या रस्त्याला कोणते झाड? ॲप फुकट, पाणी विकत

जत तालुक्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीने, शाळेने किंवा तरुण मंडळाने रस्त्याच्या दुतर्फा झाडे लावायचे ठरवले की पहिला वाद होतो तो कोणती लावायची यावर. आता या प्रश्नाचे उत्तर देणारी ॲप्स आणि संकेतस्थळे भरपूर आहेत. बरीच फुकट आहेत, काही वर्षाची वर्गणी मागतात. माझे मत सुरुवातीलाच देऊन टाकतो: झाडाच्या निवडीसाठी एकाही ॲपला पैसे देण्याची गरज नाही. ते पैसे पुढे टँकरला लागणार आहेत.

रस्त्याकडेच्या झाडांसाठी खास बनवलेली साधने प्रामुख्याने परदेशी आहेत. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या परिवहन विभागाने ‘प्लँट सिलेक्टर’ तयार केला, कॅलिफोर्नियात ‘सिलेक्ट्री’ आहे, ऑस्ट्रेलियात ‘व्हिच प्लँट व्हेअर’. साधने चांगली, पण ती तिथल्या अडचणींसाठी. मिनेसोटात हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, म्हणून तिथे झाड मीठ सोसेल का हे पाहावे लागते. अमेरिकी याद्यांमध्ये झाडांची पहिली चाळणी बहुधा थंडीवर लागते. जतमध्ये रोप थंडीने मरत नाही. ते एप्रिल-मे महिन्यांत पाण्यावाचून मरते, नाहीतर त्याआधीच शेरडा-मेंढरांच्या तोंडी जाते. त्यामुळे कोणतेही साधन उघडले की एवढेच पाहा: ते वर्षाचा पाऊस विचारते का? विचारत नसेल तर बंद करा.

पाऊस विचारात घेणारा आणि फुकट असलेला एक खजिना म्हणजे वर्ल्ड ॲग्रोफॉरेस्ट्री या संस्थेचा ‘ॲग्रोफॉरेस्ट्री’ डेटाबेस. दिसायला साधा आहे, पण प्रत्येक झाडापुढे त्याला सोसणारा पाऊस, तापमान आणि जमीन दिलेली आहे. जतचा सरासरी पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास धरा आणि आकडे लावून बघा. कडुनिंबाला 400 ते 1200 मिलिमीटर, चिंचेला 350 ते 1500. दोन्ही निर्धास्त बसतात. करंजाची खालची मर्यादा 500, म्हणजे तो काठावर आहे. त्याला रस्त्याच्या चरीजवळ, पावसाचे पाणी थांबते तिथे जागा द्यावी. गुलमोहराला मात्र 700 हून जास्त पाऊस लागतो. तरीही लागवडीच्या यादीत गुलमोहर हमखास असतो, कारण फुले छान दिसतात आणि रोप पटकन वाढते. पण त्याच्या फांद्याही ठिसूळ, वादळात मोडून रस्त्यावर येतात. जतच्या रस्त्याला तो नको.

हा डेटाबेस इंग्रजीत आहे आणि शास्त्रीय नावाने शोधणे सोपे जाते. त्यासाठी ‘फ्लॉवर्स ऑफ इंडिया’ हे संकेतस्थळ वापरा. तिथे अनेक झाडांची मराठी नावेही दिलेली असतात, त्यावरून शास्त्रीय नाव मिळते. तेही फुकट.

पावसाचा आकडा मात्र तालुक्याचा घेऊन भागत नाही. पश्चिमेकडचे डफळापूर आणि पूर्वेकडचे उमदी यांत फरक पडतो. राज्याच्या कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर पावसाची नोंद महसूल मंडळनिहाय पाहायला मिळते. मागच्या काही वर्षांचे आकडे उतरवून घ्या आणि त्यांतल्या सर्वांत वाईट वर्षाला जे झाड टिकेल तेच यादीत ठेवा. सरासरी पाहून लावलेली झाडे दुष्काळी वर्षात जातात.

‘प्लांटनेट’ आणि ‘आयनॅचरलिस्ट’ ही झाड ओळखणारी ॲप्सही फुकट आहेत. मला त्यांचा खरा उपयोग वाटतो तो दोन ठिकाणी. एक, संख, माडग्याळ, मुचंडी या बाजूला बांधावर आणि माळावर कोणी पाणी न घालता कोणती झाडे उभी आहेत ते फोटो काढून नोंदवणे. हिवर, बाभूळ, बोर, कडुनिंब, चिंच ही नावे पुन्हा पुन्हा येतील. हीच तुमची सर्वांत भरवशाची यादी. वेडी बाभूळही दिसेल, ती यादीत घेऊ नका. परदेशी आहे, पसरत जाते आणि दुसरे काही उगवू देत नाही. दुसरा उपयोग रोपवाटिकेत. रोप लहान असताना अंजन म्हणून कांचन गळ्यात पडू शकते. पानाचा फोटो काढून खात्री करा. ॲप चुकू शकते, म्हणून दोन-तीन रोपांचे फोटो घ्या.

एआयला विचारूनही यादी मिळते. पण नुसते ‘महाराष्ट्रातली रस्त्याकडेची झाडे’ असे विचारलेत तर कोकणातले आणि जतचे झाड एकाच ओळीत येऊ शकते. पाऊस, मुरमाची जमीन, पाण्याची सोय, वर विजेच्या तारा आहेत का, हे सगळे प्रश्नातच लिहा आणि आलेले प्रत्येक नाव वरच्या डेटाबेसमध्ये तपासा.

जमिनीच्या बाबतीत सगळीच सॉफ्टवेअर तोकडी पडतात. ‘सॉइलग्रिड्स’ हा जगभरच्या मातीचा फुकट नकाशा आहे, पण त्याचा एक चौकोन 250 मीटरचा. रस्त्याची कड म्हणजे बाहेरून आणून टाकलेला भराव. शेजारच्या शेताची माती आणि ती एक नसते. म्हणून शेजाऱ्याच्या मृदा आरोग्य पत्रिकेवर विसंबू नका. दोन बाय दोन बाय दोन फुटांचे तीन-चार खड्डे आधी घेऊन पाहा. खाली कडक मुरूम किंवा चुनखडी लागली तर खड्डा मोठा करून गाळमाती भरावी लागेल, आणि तो खर्च वेगळा.

आता एका किलोमीटरचा हिशेब. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनात मोठ्या झाडांत 10 ते 15 मीटर अंतर सुचवलेले आहे. 10 मीटर धरले तर दोन्ही बाजू मिळून 200 झाडे. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत वन महोत्सवाच्या काळात रोपे सवलतीत मिळतात. अलीकडच्या हंगामांत 9 महिन्यांच्या रोपाला 10 रुपये आणि 18 महिन्यांच्या रोपाला 40 रुपये असा दर होता. यंदाचा दर विचारून घ्या. रस्त्याला 18 महिन्यांचेच घ्या, लहान रोप टिकत नाही. म्हणजे रोपांचे 8,000 रुपये.

पाणी आठवड्याला झाडामागे 20 लिटर धरा. नोव्हेंबर ते मे असे 30 आठवडे, म्हणजे वर्षाला 1,20,000 लिटर, म्हणजे 5,000 लिटरचे 24 टँकर. टँकरचा दर गावोगाव आणि महिन्यागणिक बदलतो. हिशेबाला 1,000 रुपये धरला तर वर्षाचे 24,000. दोन वर्षे असे आणि तिसऱ्या वर्षी पंधरवड्याने पाणी, मिळून 60,000. मेलेल्या रोपांच्या जागी नांगी भरायला पाचवा हिस्सा धरला तर आणखी 1,600. खड्डे, गाळमाती आणि कुंपण यात धरलेले नाही. लोखंडी जाळी रोपाच्या किमतीच्या कैक पट पडते. त्यापेक्षा बाभळीच्या काटेरी फांद्यांचे घट्ट कुंपण करा, फक्त मजुरी लागते. आळ्यात पाचटाचे आच्छादन केले तर पाणी वाचते.

पैसे सगळे गावानेच घालावेत असे नाही. रस्त्याच्या दुतर्फा लागवड रोजगार हमीच्या कामांत बसवता येते. ‘बिहार पॅटर्न’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत 200 रोपांमागे चार मजूर असतात आणि मजुरी रोपे जगण्याच्या प्रमाणाशी बांधलेली असते. वरचा आपला किलोमीटर त्यात नेमका बसतो. राष्ट्रीय महामार्गांसाठी 2015 च्या हरित महामार्ग धोरणाने प्रकल्पखर्चाच्या 1 टक्का रक्कम झाडांसाठी ठेवायला सांगितले आहे. जतमधून जाणारा गुहागर-विजापूर महामार्ग तुमच्या गावावरून जात असेल तर तिथली लागवड गावाने स्वखर्चाने करण्याआधी या रकमेबद्दल लेखी विचारणा करा. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने 2020 मध्ये आणलेले ‘हरित पथ’ ॲप लावलेल्या झाडांची नोंद आणि देखरेख ठेवण्यासाठी आहे, झाड निवडण्यासाठी नाही.

खड्डे घेण्याआधी रस्ता कोणाचा आहे ते पाहा: सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद की राष्ट्रीय महामार्ग. परवानगी लेखी घ्या आणि रुंदीकरणाचा आराखडा मागा, नाहीतर तीन वर्षे जगवलेली रांग यंत्राखाली जाईल. विजेच्या तारांखाली वड, चिंच नको. तिथे आपटा किंवा सीताफळ लावा. सीताफळाला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत.

आणि बजेट तुटपुंजे असेल तर झाडांची संख्या कमी करा, पाणी कमी करू नका. 60 झाडांना पुरेल एवढाच टँकर परवडत असेल तर 60 च लावा.