मंडळीसाठी पाठ : वाटेवरील जखमी मनुष्य आणि देशाचा कायदा

यरीहोच्या वाटेवर अर्धमेल्या मनुष्यास टाळून याजक व लेवी का निघून गेले, हे लूकाने सांगितलेले नाही. परंतु आपल्या वऱ्हाडातील मनुष्य अपघात पाहून का निघून जातो, हे आपणांस पुरते ठाऊक आहे. त्याच्या ठायी दया नसते असे नाही. त्याला ठाण्याचे व कचेरीचे भय वाटते. आपल्यावरच बालंट आले तर? साक्षीसाठी खेटे घालावे लागले तर? दवाखान्याचे पैसे मागितले तर? ह्या तिन्ही प्रश्नांस आता कायद्याने उत्तर दिले आहे, म्हणून हा पाठ आम्ही देत आहो.

अकोला, मूर्तिजापूर व बडनेरा ह्या बाजूने मुंबई-कलकत्ता हमरस्ता जातो. जून 2022 मध्ये अमरावती व अकोला यांच्या दरम्यान ह्याच रस्त्यावर एका पदराच्या मापाने 75 किलोमीटर डांबरी थर सुमारे 105 तासांत घातला गेला व तो जागतिक विक्रम ठरला. चांगल्या रस्त्यावर गाड्या वेगाने धावतात, आणि अपघात झाला तर पहिला हात शेतातून येणाऱ्या मनुष्याचाच लागतो.

1989 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, जखमीचा जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टराचे पहिले कर्तव्य होय; पोलिसांचे सोपस्कार मागाहून. 30 मार्च 2016 रोजी त्याच न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या रक्षणाचे नियम बंधनकारक केले. पुढे 2019 साली मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ घालण्यात आले. त्याच्या इंग्रजी पाठात अशा मनुष्यास 'चांगला शोमरोनी' हेच नाव दिले आहे!

त्यातील मुख्य गोष्टी अशा :

1. मोबदल्याची आशा न धरता, शुद्ध हेतूने व स्वखुशीने मदत करताना काही चूक होऊन जखमीस अपाय झाला किंवा तो मेला, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दावा चालत नाही.

2. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती पोलिसांस करता येत नाही. कोणी स्वखुशीने साक्षीदार झाला, तर त्याच्या सोयीच्या ठिकाणी, घरीसुद्धा, जबाब घ्यावा.

3. तो जखमीचा नातलग नसेल, तर रुग्णालयाने त्याला अडवू नये व दाखल करण्याचे पैसे त्याच्याकडे मागू नयेत.

4. धर्म, जात किंवा स्त्री-पुरुष असा भेद न करता त्याला मानाने वागवावे.

ज्याच्या गाडीने अपघात केला, त्याला मात्र हा आसरा नाही. जखमीस उपचार मिळवून देणे हे त्याचे कर्तव्यच आहे. तसेच हे कलम मोटारीच्या अपघातापुरते आहे. सर्पदंश किंवा उष्माघात ह्यांचा त्यात उल्लेख नाही. तरी डॉक्टराचे कर्तव्य तेथेही तेच राहते.

अपघात दिसताच 108 ह्या क्रमांकावर कळवावे. येणाऱ्या गाड्या दुरूनच थांबवाव्या. रक्त वाहत असल्यास स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये. आग वगैरेचा धोका नसेल तर त्याला ओढू नये. पहिला तास फार मोलाचा असतो.

कायद्याने भय दूर केले आहे. पाऊल थांबविणे हे आपल्या हाती आहे.

उपदेशकांनी मंडळीस विचारावयाचे प्रश्न : जखमी कोणत्या जातीचा, हे शोमरोन्याने विचारले काय? आपल्या गावी 108 हा क्रमांक किती जणांस पाठ आहे? पुढल्या वेळी भयाचे निमित्त आपण सांगू शकू काय?