मिश्री सोडली की पोट का अडते?



वस्तीत मिश्री सोडण्याविषयी बोललो की आम्हाला एक उत्तर हमखास मिळते : ‘ताई, सोडली असती, पण लावल्याशिवाय पोटच साफ होत नाही.’ हा बहाणा नाही. त्यामागे शरीराचे कारण आहे.

आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचे जाळे असते. आतडे कधी आवळायचे, कधी सैल सोडायचे हे बरेचसे तेच ठरवते. या पेशींवर अतिसूक्ष्म दारे असतात. शास्त्रात त्यांना आयन चॅनल रिसेप्टर म्हणतात. त्यांतल्या काही दारांची किल्ली शरीर स्वतःच बनवते, ती म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन. किल्ली लागली की दार उघडते, सोडियमचे विद्युतभारित कण आत शिरतात आणि पेशी पुढे निरोप धाडते. त्या निरोपावर आतड्याचे स्नायू आवळतात व मळ पुढे सरकतो.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यातले निकोटिन तोंडातून रक्तात जाते आणि याच कुलपात बसते. ही झाली बनावट किल्ली. म्हणून अनेकींना मिश्री लावली की कळ येते. रोज असे झाले की शरीराला तिची सवय लागते. मिश्री बंद केल्यावर काहींना काही आठवडे बद्धकोष्ठ होते. पण शरीराची खरी किल्ली हरवलेली नसते. आतडे हळूहळू आपल्या चालीवर येते.

तोवर सकाळी गरम पाणी प्यावे, थोडे खावे. पोटात अन्न पडले की मोठे आतडे हलू लागते. जेवणात भाकरी, पालेभाजी, उसळ असावी. शौचालयाची रांग मोठी म्हणून आपण पाणी कमी पितो, कळ दाबतो. त्यानेही मळ कडक होतो. हा दोष बायकांचा नाही. पुरेशी शौचालये हा आपला हक्क आहे, महिला मंडळाने मिळून तो मागावा.

मिश्रीने तोंडाचा कर्करोग होतो. गरोदरपणी लावल्यास बाळ कमी वजनाचे जन्मू शकते. तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवावे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

पाचव्या शीलात आपण नशेपासून दूर राहण्याचे वचन देतो. मिश्रीची डबीही त्यात धरू या.