जीपचं इंजिन ओळखताना

जुनी जीप बघायला लोक मला बोलावतात ते बहुधा विसार देऊन झाल्यावर. बॉनेट उघडून "ओरिजिनल विलीज आहे ना?" असं विचारतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. पुढचे मुद्दे विसार द्यायच्या आधी वाचावेत.

१. आधी आकार, मग आकडा. विलीजचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मुख्यतः दोन प्रकारचं. महायुद्धातल्या जीपचं एल १३४. त्यात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणून हेड सपाट आणि त्यावर चार प्लग उभे. दुसरं १९५० साली आलेलं एफ १३४. त्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, त्यांच्यावर टॅपेट कव्हर आलं आणि इंजिनाची उंची वाढली. १९५३ च्या सीजे-३बी जीपचं बॉनेट उंच झालं ते यामुळेच. आपल्याकडे महिंद्राने वर्षानुवर्षं बनवली ती हीच उंच कपाळाची जीप. दोन्ही इंजिनांचा बोअर ७९.४ मिमी, स्ट्रोक १११.१ मिमी, क्षमता २१९९ सीसी. म्हणजे कागदावरच्या सीसीवरून दोघांत फरक करता येत नाही, टॅपेट कव्हर मात्र रस्त्यावरूनही दिसतं.

२. ओतीव आकडा आणि पंच केलेला आकडा यांची गल्लत करू नका. उठावाचा आकडा साच्यातून येतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न बनवणाऱ्या कुणालाही विचारा. एका पॅटर्नवरून जितके ब्लॉक ओतले जातात, तितक्यांवर तोच आकडा उमटतो. युद्धकाळातल्या ब्लॉकवर ६३८६३२ दिसतो, युद्धानंतरच्या सीजे-२एच्या ब्लॉकवर पुढे ६४१०८७ आला. यावरून पिढी कळते, ते एकच इंजिन नव्हे. ते कळतं पंचाने ठोकलेल्या आकड्यावरून. आरसी बुकात इंजिन नंबर म्हणून चक्क ओतीव आकडा लिहिलेला मी पाहिला आहे. पूर्वी कधीतरी कुणीतरी ठळक दिसला तो उतरवून घेतला असणार. अशा बुकाच्या हिशेबाने हजारो जीपांचा इंजिन नंबर एकच!

३. पंच केलेला नंबर ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, उजवीकडे वरच्या अंगाला, पाण्याच्या पंपामागच्या सपाट उंचवट्यावर असतो. तेलाच्या फिल्टरच्या आड असल्यामुळे तिथे काजळी, ग्रीस आणि रंगाचे थर साचलेले असतात. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून मेकॅनिक धावत आला तर त्याला आधी थांबवा. रॉकेलात भिजवलेलं फडकं अर्धा तास त्या जागेवर ठेवा, मग लाकडाच्या काडीने खरवडा, शेवटी पितळी ब्रश हलक्या हाताने फिरवा. वर पांढरा खडू घासून पुसला की खाचांत खडू राहतो. तरीही ३ की ८ असा घोळ राहिला, तर टॉर्च समोरून न मारता बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरा. पंचाच्या कडा सावली टाकतात. त्यानंतर कागद ठेवून पेन्सिल प्रिंट घ्या. मोबाइलच्या फोटोपेक्षा माझा भरवसा पेन्सिलवर जास्त.

४. नंबरापुढची अक्षरं आकड्यांपेक्षा जास्त बोलतात. एमबी म्हणजे युद्धातली विलीज, जीपीडब्ल्यू म्हणजे तीच जीप फोर्डने बनवलेली. नुसतं जे असेल तर सीजे-२ए, ३जे असेल तर सीजे-३ए, ४जे असेल तर एफ इंजिनवाली ३बी. फोर्डला आपल्या मालाचा इतका अभिमान, की बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा वळणदार एफ कोरलेला सापडतो.

नंबराच्या शेवटी ए किंवा बी असलं तर लोक मालिका समजून पुढे जातात. कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेप्रमाणे ए म्हणजे मेन आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंग १० थाऊ अंडरसाइज, बी म्हणजे पिस्टन १० थाऊ ओव्हरसाइज, एबी म्हणजे दोन्ही. इंजिन कारखान्यातूनच तसं निघालेलं असतं. बेअरिंग मागवायच्या आधी हे अक्षर बघितलं, तर दुकानदाराशी होणारी निम्मी भांडणं टळतात.

५. "इंजिन-चेसिस मॅचिंग" या शब्दांवर भाव वाढवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: विलीज की फोर्ड? फोर्डने इंजिनाचाच नंबर चेसिसच्या डाव्या पट्टीवर ठोकला. विलीजचे दोन नंबर मुळातच वेगळे. त्यामुळे एमबी जीपचे दोन्ही नंबर तंतोतंत जुळले, तर खूश होण्याऐवजी मी संशयाने बघतो. शिवाय दोन्ही कंपन्यांच्या मिळून सहा लाखांवर जीपा बनल्या, आणि लष्करी वर्कशॉपमध्ये जे तयार इंजिन हाताशी असेल ते बसवलं जाई. एमबीच्या चेसिसवर जीपीडब्ल्यू इंजिन असणं हा त्या जीपचा खरा इतिहासच म्हणायचा. उगाच नाक मुरडू नये.

६. उंचवटा आजूबाजूच्या ओतीव पृष्ठभागापेक्षा चकचकीत, मधोमध किंचित खोलगट, आकडे नवेकोरे आणि ओळीत शिस्तीने उभे असतील, तर सौदा तिथेच सोडा. जुना पंच हाताने ठोकलेला, एखादा आकडा तिरपा, एखादा उथळ. घासून नवा नंबर ठोकलेला असेल तर पोलिसांना उत्तरं देण्याची वेळ विकणाऱ्यावर नाही, तुमच्यावर येईल.

७. बॉनेटखाली डिझेल निघालं तर? आपल्याकडच्या जीपांत हे नेहमीचंच. महिंद्राने पुढे प्यूजोचं एक्सडीपी ४.९० घेतलं. त्याच्या नावातच माप आहे: चार सिलिंडर, बोअर ९० मिमी. क्षमता २११२ सीसी. जुन्या पेट्रोल जीपांतही गॅरेजवाल्यांनी डिझेल इंजिनं सर्रास बसवली. असा बदल आरसी बुकात नोंदलेला आहे का, ते आधी बघा.

२०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची व्हिंटेज नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे, पण गाडी मूळ रूपात हवी, चेसिस आणि इंजिनात मोठा फेरफार नको. त्या प्लेटच्या हौसेपायी चालतं डिझेल उतरवून भंगारातलं एल १३४ शोधत फिरणारे भेटतात. मी त्यांना सांगतो, शेतावर आणि घाटात रोज चालणारी जीप असेल तर डिझेल राहू द्या. प्लेटच हवी असेल तर पेट्रोल इंजिन शाबूत असलेली दुसरी जीप शोधा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.