पाऊस कालचा दिवस विसरत नाही

चि. सई,

तुझा प्रोग्रॅम चालवून पाहिला. जून ते सप्टेंबरचे 122 दिवस, रोज एक नाणेफेक. छापा आला तर पाऊस, काटा आला तर कोरडा दिवस. असे हजार पावसाळे काढून तू लिहितेस, की दहा दिवसांची ओढ अठरा वर्षांतून एखादीच पडते. हे तुझ्या बाबांच्या कानावर घालू नकोस. मृगाच्या सरीवर पेरून, आभाळाकडे बघत बसून, दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणलेला माणूस आहे तो.

तुझा कोड बरोबर आहे, गृहीतक चुकलंय. नाण्याला कालचं आठवत नाही. पावसाला आठवतं.

कोरड्या दिवसानंतर कोरडाच दिवस येण्याची शक्यता 0.75 धर, ओल्यानंतर ओला येण्याचीही 0.75. पावसाचे दिवस एकूण निम्मेच राहतात. पण लागलेली उघडीप दहा दिवस टिकण्याची शक्यता नाण्याच्या हिशेबात 512 मध्ये 1 होती, ती आता 13 मध्ये 1 होते. म्हणजे अशी ओढ सरासरीने दरवर्षी एकदा. सरासरी पाऊस तोच, पीक मात्र गेलं!

ही युक्ती जुनी आहे. आंद्रेइ मार्कोव्हने 1913 साली पुश्किनच्या 'येव्गेनी अनेगिन'मधली 20,000 अक्षरं स्वर आणि व्यंजन अशी मोजली, आणि आदल्या अक्षरावर पुढचं कसं अवलंबून असतं ते दाखवलं. (हाताने मोजली. तुम्ही तक्रार करता लॅपटॉप हळू आहे म्हणून.) 1962 साली गॅब्रिएल आणि न्यूमन यांनी तीच युक्ती तेल अवीवच्या रोजच्या पावसाला लावली.

माझे 0.75 हे आकडे नुसते समजुतीचे. तुझे तू नोंदींतून काढ. 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पडला तर पावसाचा दिवस, हे हवामान खात्याचं माप. कोरडे दिवस मोज, त्यांतल्या किती दिवसांनंतर पुन्हा कोरडाच आला ते मोज. जुलैचं वेगळं, सप्टेंबरचं वेगळं. दोन्ही महिन्यांना एकच आकडा लावलास तर मी पुन्हा पत्र लिहीन.

नवा प्रोग्रॅम झाला की आधी 0.75 च्या जागी 0.5 घाल. जुनंच उत्तर यायला हवं. नाही आलं तर तिथेच थांब. रँडम आकड्यांचं सीड लिहून ठेव, म्हणजे तुझाच पावसाळा मलाही इथे काढता येईल, पण एका सीडवर भरवसा ठेवू नकोस. आणि चूक निम्मी करायची तर फेऱ्या चौपट लागतात.

पर्जन्यमापकाच्या वहीची झेरॉक्स सोबत पाठवते आहे. 'निरंक' लिहिलेला दिवस कोरडा. रकाना रिकामा असेल तर त्या दिवशी कुणी मोजलंच नव्हतं, तिथे शून्य भरू नकोस.

तुझी,
आत्या