आजचं चिंतन: लगाम आणि अंगठा



आज गीतेचा सहावा अध्याय, श्लोक २६. अर्थ थोडक्यात असा: मन चंचल आहे, ते पळणारच, जिथे जिथे जाईल तिथून तिथून त्याला परत आणायचं आणि आत्म्याच्या ताब्यात ठेवायचं. हे वाचताना आपल्याला डोळे मिटून आसनावर बसलेला योगी दिसतो. मला सध्या सोलापूर हायवे दिसतो.

मागच्या महिन्यात पुण्याहून पंढरपूरला निघालो होतो. गाडी मित्राची, चालवतही तोच होता. शेजारी वहिनी, मागे मी आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली त्यांची सहा वर्षांची मुलगी. इंदापूरच्या अलीकडे त्याला हरिपाठ लावायचा होता. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात मोबाईल, अंगठ्याने यादी वर-खाली. पुढे पोलिसांनी हात केला.

काच खाली करून हा म्हणाला, "साहेब, बोलत नव्हतो हो, हरिपाठ लावत होतो."

हवालदार शांतपणे म्हणाले, "लावा की माउली. गाडी बाजूला घेऊन लावा." आणि चलान केलं.

पुढचा अर्धा तास वाद. रस्ता रिकामा होता, देवाचंच तर करत होतो, मग मॅप बघितलेला कसा चालतो, वगैरे. शेवटी हा म्हणाला, "गोरोबाकाकांना कोणी चलान केलं होतं का?"

वहिनी म्हणाल्या, "अरे, गोरोबांच्या पायाखाली त्यांचंच बाळ आलं होतं." आणि त्यांनी मागे वळून लेकीकडे बघितलं. त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

मॅपचा प्रश्न मात्र मला योग्य वाटला, म्हणून घरी येऊन नियम वाचला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८४. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात धरून फोन वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा तुरुंगवाससुद्धा. १ ऑक्टोबर २०२० पासून एक सूट आहे: फोन फक्त रस्ता बघण्यासाठी वापरता येतो, तोही चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने. एकाग्रता! मूळ इंग्रजी नियमातही शब्द कॉन्सन्ट्रेशन असाच आहे. सहाव्या अध्यायाचा विषय सरकारी राजपत्रात सापडेल असं वाटलं नव्हतं.

आता थोडं गणित, सवयच आहे. १०० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. ट्रॅक शोधायला तीन सेकंद धरले तर ८३ मीटर. तेवढं अंतर गाडी चाललीये आणि चालवणारं कोणी नाही. त्या पट्ट्यात हंगामात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली कधी पुढे येईल सांगता येत नाही. ध्यानाला बसल्यावर मन दहा मिनिटं भटकून आलं तरी कोणाचं काही बिघडत नाही. इथे परत आणायला तेवढा वेळ मिळत नाही.

कठोपनिषदात रथाचं रूपक आहे. शरीर रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी आणि विषय म्हणजे घोड्यांचे रस्ते. अंगठा स्क्रीनवर फिरत होता तेव्हा लगाम घोड्यांनीच धरला होता.

पण देवाचं काम? श्लोकात 'जिथे जिथे' म्हटलंय, त्याला अपवाद दिलेला नाही. मन वाईट जागी गेलं तरच परत आणा, चांगल्या जागी गेलं तर राहू द्या, असं तिथे नाही. माझ्या वाचनाप्रमाणे, हातात स्टिअरिंग असताना हरिपाठाची यादीसुद्धा त्या 'जिथे जिथे'मध्येच येते. गोरोबांना पांडुरंगाने बाळ परत दिलं, असं आपण ऐकत आलो. ते धरून आपण गाडी चालवू शकत नाही.

परतीच्या प्रवासात वहिनींनी निघण्याआधीच हरिपाठ लावला आणि फोन स्वतःच्या पर्समध्ये टाकला. मित्राने चलान त्याच रात्री भरलं, थोडा कुरकुरत.

उद्या श्लोक ३४ आणि ३५. अर्जुन म्हणतो, मनाला आवरणं म्हणजे वाऱ्याला आवरणं. भगवंत त्यावर अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय देतात. दोन्ही श्लोक एकदा वाचून या.

राम कृष्ण हरी.