बुलेट गळते, पण कुठून?

जुन्या बुलेटचं तेल गळतंय असं पेठ वडगावात कुणापुढंही म्हणा, उत्तर ठरलेलं असतं, "बुलेट हाय आण्णा, गळणारच." हे निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्यापायी माझे बरेच पैसे गेले. थोडी ओल चालवून घ्यावी लागते, कबूल. पण तेल कुठून येतंय हे न बघताच इंजिन उघडलं किंवा सांध्यांवर सिलिकॉन थापलं, तर गळती काही दिवस दिसेनाशी होते आणि आत दुसरंच दुखणं सुरू होतं.

माझी गाडी वडिलांची, 1984 सालची. कास्ट आयर्न इंजिनची साडेतीनशे, उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. टॅपेट कव्हर आणि सिलिंडरचं बूड ओलं दिसायला लागलं म्हणून कोल्हापुरातल्या एका गॅरेजात दिली. तिथं सगळी पॅकिंगं नवी घातली आणि प्रत्येक सांध्यावर सिलिकॉनचा जाड थर दिला. गाडी कोरडी ठणठणीत झाली. पुढं ज्योतिबाच्या चढाला वरून खडखडाट सुरू झाला. हेड उघडलं तर रॉकर तेलाविना घासले होते आणि तेलाच्या वाटेत सिलिकॉनचा तुकडा अडकला होता. सांधा आवळला की जादा सिलिकॉन जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही जातं. बाहेरचं फडक्यानं पुसता येतं, आतलं सुटून तेलाबरोबर फिरतं. एवढं होऊन सिलिंडरचं बूड पुन्हा ओलं झालंच, कारण मूळ दुखणं पॅकिंगचं नव्हतंच.

ते होतं ब्रीदरचं. या इंजिनाचा बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90, म्हणजे 346 सीसी. पिस्टन खाली येताना तेवढीच हवा क्रँककेसमध्ये दाबली जाते. सिलिंडर एकच असल्यानं ती हवा सामावून घ्यायला शेजारी दुसरा पिस्टनही नसतो. तिला बाहेर जायची एकच वाट, ब्रीदरची नळी. त्या वाटेवर चोचीसारखा रबरी व्हॉल्व्ह असतो. स्पेअरपार्टच्या दुकानात त्याला डकबिल म्हणतात. तो हवा बाहेर सोडतो, आत घेत नाही. उन्हातेलानं रबर कडक होऊन चोच चिकटली, किंवा नळीत काळा चिखल साठला, की हवा दुसरी वाट शोधते आणि जाताना तेल घेऊन जाते. अशा वेळी सोन्याचं पॅकिंग घातलं तरी गळणार. मात्र ब्रीदर मोकळा असूनही नळीतून सतत निळसर धूर येत असेल, तर रिंगा आणि बोअर झिजलेत. त्याला खर्चाची तयारी ठेवावी.

शोधायची रीत साधी आहे, पण गॅरेजात तिला वेळ देत नाहीत, म्हणून घरीच करावी. इंजिन गार असताना डिझेल आणि ब्रशनं पूर्ण धुवा, फडक्यानं कोरडं करा, खाचांतलंही. मग संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवा. गाडी थोडी फिरवून आणा, फार नको. टॉर्च घेऊन खालून नव्हे, वरून बघत या. तेल खाली उतरतं आणि वाऱ्यानं मागं पसरतं, त्यामुळं थेंब जिथं लोंबतो तिथं गळती क्वचितच असते. पावडर सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढं जिथं भिजली, तो गुन्हेगार. बुडाचं पॅकिंग गेलं म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी गाड्यांत तेल वरून, रॉकरच्या पाइपाच्या बोल्टपाशी पाझरत असतं. तिथले तांब्याचे वॉशर काढून गॅसवर लाल करा आणि पाण्यात टाका. तांबं मऊ होतं आणि पुन्हा नीट बसतं. नवे वॉशरही स्वस्तच असतात म्हणा.

वास आणि रंगही बघा. कार्बोरेटर भरून वाहणारं पेट्रोल किंवा चेनीवरून उडालेलं तेल इंजिनाच्या नावावर खपवलेलं मी पाहिलंय. गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल तर इंजिन-तेलाच्या टाकीतलं तेल पंपातून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं. किक मारल्यावर धुराचा लोट आणि ब्रीदरमधून तेलाची पिचकारी, असा देखावा होतो. ही गळती नव्हे. घाबरून वरून तेल ओतू नका. इंजिन काही मिनिटं चालू द्या, तेल टाकीत परतलं की मगच लेव्हल बघा. जादा भरलेलं तेलही ब्रीदरमधूनच बाहेर पडतं. आणि गळती थांबावी म्हणून मॅन्युअलमधलं 20डब्ल्यू50 सोडून जाड तेल भरू नका. सकाळच्या गारठ्यात ते रॉकरपर्यंत उशिरा पोचतं.

चेनकेसचं प्रकरण वेगळं. तिचं झाकण मधल्या एकाच नटावर बसतं. ओल दिसली की लोक तो नट आवळत सुटतात, झाकण वाकतं आणि गळती कायमची होते. उपाय म्हणजे रबर बदलणं आणि झाकणाची कड सपाट करणं. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून हातानं घासली तरी चालते. काम मोठं असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात फेस मारून मिळतो. ऑइल इंजिनं घडवलेल्या त्या गल्ल्यांत अजून हाताची माणसं आहेत. जिथं सीलंट लागेलच तिथं शलॅकचा बोटानं पुसल्यासारखा पातळ थर पुरे.

राहिला प्रश्न सोसायचं किती याचा. टॅपेट कव्हरच्या कडेला धूळ चिकटेल एवढी ओल असेल तर फडकं फिरवा आणि विसरा. रात्रीतून खाली दोन-चार थेंब पडत असतील तर पुठ्ठा अंथरा आणि लेव्हल दर आठवड्याला बघा. पण चेनकेसच्या मागं, छोट्या स्प्रॉकेटपाशी गळत असेल तर गाडी त्याच दिवशी उभी करा. ते तेल चेनीवरून मागच्या टायरवर जातं. गळीत हंगामात वाठारच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि पडलेला पाला असतो, तिथं तेलकट टायर घेऊन ब्रेक मारायची वेळ कुणावर येऊ नये. लेव्हल झपाट्यानं उतरत असेल तरीही थांबा. काढलेलं जळकं तेल गटारात किंवा ओढ्यात ओतू नका, कॅनमध्ये साठवून भंगारवाल्याला द्या.

माझ्या गाडीच्या किकच्या शाफ्टपाशी आजही ओल येते. तिथला बुश झिजलाय आणि गिअरपेटी उघडल्याशिवाय तो बदलता येत नाही. एवढ्याशा ओलीसाठी मी पेटी उघडणार नाही.